शार्क संरक्षण धोरण (भारत)

समुद्री शार्क, पाकट (चपट्या अंगाचे मासे) आणि त्यांच्या कुळातील कूर्चामत्स्य (हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेले मासे) यांची पकड, व्यापार आणि संरक्षण यांबाबतचे भारतातील कायदे, तसेच त्यांमागील शास्त्रीय सल्ल्याची यंत्रणा. या धोरणात बंदी बहुधा आधी आली आणि अभ्यास मागाहून झाला.

संरक्षणाची गरज वादातीत आहे. जगातील शार्क व पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात असल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचे मूल्यमापन सांगते. अनेक मोठ्या जाती उशिरा वयात येतात आणि मोजकी पिल्ले देतात, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला दशके लागतात. पण सगळे शार्क असे नसतात. कोकणातल्या मासळी बाजारात दिसणारी लहान मुशी एक-दोन वर्षांत वयात येते आणि एका वेळी बरीच पिल्ले देते. दोघांना एकच नियम लावला की गाडी अडते.

नेमके हेच 2001 साली घडले. मे महिन्यात व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, स्थान मिळाले, ते योग्यच होते. जुलैमध्ये मात्र झाडून साऱ्या शार्क-पाकटांना त्याच यादीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसवण्यात आले. जाळ्यात मुशी आली तरी मच्छीमार गुन्हेगार ठरू लागला. किनाऱ्यावरून विरोध झाला आणि डिसेंबरमध्ये यादी 10 जातींवर आली. त्यांत खरे शार्क चारच होते: व्हेल शार्क, गंगा शार्क, पाँडिचेरी शार्क आणि भालदाती शार्क. उरलेल्या सहा जाती करवती मासे, पाकट आणि त्यांचे भाऊबंद.

पुढचे निर्णय परांभोवती (माशाच्या पंखांभोवती) फिरले. शार्कचे पर कापून धड समुद्रात फेकण्यावर 2013 मध्ये बंदी आली, तर 2015 मध्ये सर्व जातींच्या परांची निर्यात थांबवण्यात आली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) 2015 मध्येच राष्ट्रीय कृती आराखड्यासाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. भारतात शार्कचे मांस खाल्ले जाते, सुकवलेही जाते, पर हे उपउत्पादन आहे आणि बहुतेक शार्क इतर मासळीबरोबर जाळ्यात येतात, हे चित्र अशा अभ्यासांतून पुढे आले. परांचा बाजार बंद झाल्याने ट्रॉलरचे जाळे काही रिकामे येत नाही.

आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' या, धोक्यातील प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराखाली येतो. परिशिष्ट 2 मधील जातीची निर्यात करायची, तर त्या पकडीने जातीला अपाय होत नाही असा निष्कर्ष देशाच्या शास्त्रीय प्राधिकरणाने आधी द्यावा लागतो. सागरी जातींसाठी ही जबाबदारी सीएमएफआरआयकडे येते. 2022 च्या पनामा परिषदेत रेक्विएम शार्कचे अख्खे कुळ या परिशिष्टात घेतले गेले. सुकलेल्या परावरून जात ओळखणे अवघड असल्याने दिसायला सारख्या जातीही सोबत घेतल्या. ताजा मासासुद्धा सोपा नसतो: दातांची ठेवण बघावी लागते, पाठीवरच्या दोन परांमध्ये कण्याच्या रेषेत बारीक कंगोरा आहे की नाही हे बोट फिरवून पाहावे लागते. बंदरावर डोके आणि पर आधीच वेगळे झालेले असले, तर नोंद 'शार्क' एवढीच होते आणि जातवार सल्ल्याचा पायाच उरत नाही. आपली लहान मुशीही रेक्विएम कुळातलीच. मात्र देशांतर्गत विक्रीला साइट्सचे नियम लागू होत नाहीत.

वन्यजीव अधिनियमातील 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. तिने अनुसूचींची फेररचना केली आणि साइट्स जातींसाठी स्वतंत्र अनुसूची 4 आणली.

दंडापेक्षा भरपाईचा अनुभव अधिक आशादायक आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर 2004 पासून व्हेल शार्कसाठी मोहीम चालली. सौराष्ट्रातले मच्छीमार आता जाळे कापून त्याला सोडतात आणि वनखाते जाळ्याचे पैसे देते. महाराष्ट्रातही संरक्षित सागरी प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. यादीबाहेरच्या शार्कला मात्र ही योजना लागू नाही, मग ती गाभण का असेना.