ओझरचं मिग आणि १९७१ चा मैत्री करार

नाशकात हमखास ऐकू येतं: १९७१ च्या भारत-सोव्हिएत मैत्री करारामुळे जवळच्या ओझरला मिग या सोव्हिएत लढाऊ विमानांचा कारखाना आला, आणि भारतावर हल्ला झाला असता तर रशियाला सैन्य पाठवावंच लागलं असतं. दोन्ही चूक.

मिगचा करार १९६२ चा, कारखाना १९६४ चा. मैत्री करारावर दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी सह्या केल्या ९ ऑगस्ट १९७१ ला, दिल्लीत.

सैन्याबद्दलचा घोळ होतो या कराराच्या नवव्या कलमामुळे. ते नीट वाचा: हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला, तर दोन्ही देशांनी ताबडतोब आपसांत विचारविनिमय करून योग्य उपाय योजायचे. सैन्य पाठवण्याचा शब्दही नाही. एकमेकांच्या शत्रूला मदत न करण्याचं बंधन मात्र स्पष्ट आहे. आणि चौथ्या कलमात सोव्हिएत संघाने भारताच्या अलिप्ततेचा, म्हणजे कुठल्याच लष्करी गटात न जाण्याच्या धोरणाचा, आदर लेखी मान्य केलाय. लष्करी युतीच्या करारात हे कलम आलंच नसतं.