समुद्रफुलांचे पंपांपासून संरक्षण

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात पाळलेले समुद्रफूल पाणी फिरवणाऱ्या पंपात ओढले जाऊ नये म्हणून पंपांची रचना, जागा आणि ते चालू-बंद होण्याच्या वेळा यांबाबत घेतली जाणारी खबरदारी. समुद्रफूल, म्हणजे हौशी मंडळींच्या बोलण्यातले ॲनिमोन, हा आंतरदेहगुही संघातील मऊ शरीराचा प्राणी आहे. तळाच्या पादचकतीने तो खडकाला चिकटतो, पण कायमचा रुजत नाही. प्रकाश, प्रवाह किंवा पाण्याचा दर्जा मानवला नाही, की पादचकतीच्या स्नायूंच्या आकुंचन-प्रसरणाने तो हळूहळू सरकतो, आणि कधी पकड सोडून पाण्यात तरंगतही जातो. प्रवाळ खडकाला कायमचे चिकटून असतात आणि मासे पंपापासून दूर पोहून जाऊ शकतात. समुद्रफुलाला यांपैकी काहीच साधत नाही, म्हणून पंपाचा धोका त्यालाच सर्वाधिक असतो.

प्रवाह अजिबात न ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. समुद्रफुलाला कल्ले नसतात. ते शरीराच्या पृष्ठभागातूनच ऑक्सिजन घेते आणि टाकाऊ द्रव्ये सोडते, त्यामुळे त्याच्याभोवती पाणी हलते राहावेच लागते. ही हालचाल टाकीच्या काचेला चिकटवलेले पॉवरहेड किंवा वेव्हमेकर नावाचे छोटे पंप घडवून आणतात. त्यांच्या पात्याभोवतीच्या जाळीच्या फटी माशांना अडवण्यापुरत्या असतात. समुद्रफूल मात्र शरीरातील पाणी सोडून आकसते आणि त्याचे संस्पर्शक (तोंडाभोवतीची बोटांसारखी अंगे) किंवा पादचकतीची कड अशा फटीतून सहज आत शिरते. पाते फिरत असेल, तर तिथेच ऊती फाटतात.

म्हणून मूळ जाळीवर बारीक छिद्रांची प्लॅस्टिकची जाळी किंवा जाडसर स्पंजचे आवरण बसवतात. आवरण पंपाला घट्ट लपेटण्यापेक्षा त्याच्याभोवती मोकळे आणि मोठे असणे श्रेयस्कर, कारण तेवढेच पाणी जास्त क्षेत्रफळातून आत गेले, की प्रत्येक ठिकाणची ओढ कमी होते आणि आवरणाला टेकलेले समुद्रफूल स्वतःहून सुटू शकते. धातूची जाळी टाळावी. ती खाऱ्या पाण्यात गंजते, आणि तांबे तर अपृष्ठवंशी प्राण्यांना अल्प प्रमाणातही विषारी ठरते. स्पंजमध्ये गाळ अडकत जातो, उघडी छिद्रे कमी होतात आणि उरलेल्या छिद्रांशी ओढ वाढते, शिवाय अडकलेला गाळ कुजतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी स्पंज काढून टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळून धुवावा. जो हे नियमाने करणार नाही, त्याने जाळीच वापरावी. मुख्य पंप सम्पमध्ये, म्हणजे मत्स्यालयाखालच्या जोडटाकीत असला, तरी पाणी जिथून खाली वाहते त्या कडेलाही बारीक दात्यांची जाळी लागते. हीटरलाही आवरण हवे, कारण त्याला चिकटलेले समुद्रफूल भाजते.

सर्वांत फसवा असतो तो थांबलेला पंप. माशांना खाऊ घालताना किंवा रात्री प्रवाह बंद ठेवला, की भटकणारे समुद्रफूल त्या निवांत पंपावर चढते, त्याच्या पोकळीत पाय रोवते आणि ठरलेल्या वेळी पाते पुन्हा फिरू लागते. भारनियमनाच्या भागांत वीज गेल्यावरही नेमके हेच घडते. तिथे इन्व्हर्टर किंवा बॅटरीवर किमान एक पंप चालू ठेवावा, आणि वीज आल्यावर बाकीचे आपोआप सुरू होऊ न देता आधी प्रत्येक पंप डोळ्यांनी पाहून मगच चालू करावेत. रात्री पूर्ण बंद करण्यापेक्षा मंद पण अखंड प्रवाह सुरक्षित असतो.

धोक्याचा काळ मुख्यतः नवे समुद्रफूल सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांचा असतो. बुडबुड्यांसारखी टोके असलेले एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर खडकातील कपारीत पाय लपवते. तशी कपार आणि पुरेसा प्रकाश मिळाला, की ते सहसा स्थिरावते. हेटरॅक्टिस मॅग्निफिका मात्र टाकीत भटकण्यासाठीच ओळखले जाते आणि नवख्याने ते घेऊच नये. पाणी मुरलेली, काही महिने जुनी टाकी, साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे १.०२५ विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारेपणाचे माप) टिकवणे हे आवरणाइतकेच महत्त्वाचे, कारण समाधानी समुद्रफूल सहसा जागा सोडत नाही. आवरणे मात्र प्राणी आणण्यापूर्वीच बसलेली असावीत. तो भटकू लागल्यावर बसवायला घेतली, तर बहुधा उशीर झालेला असतो.

समुद्रफूल अडकलेच, तर आधी पंपाचा प्लग काढावा. ओढून सोडवू नये. पंपासह ते पाण्यातच ठेवून पंपाचे भाग अलगद सुटे करावेत आणि त्याला स्वतः सुटू द्यावे. तोंड आणि पादचकती शाबूत असतील, तर बऱ्याच जखमा भरून येतात, त्यामुळे निव्वळ संस्पर्शक तुटले म्हणून त्याची आशा सोडू नये. तुकडे मात्र ताबडतोब गाळून काढावेत: त्यांतील दंशकोशिका मासे व प्रवाळांना इजा करतात आणि कुजणाऱ्या ऊतींमुळे अमोनिया झपाट्याने वाढतो. म्हणून सक्रिय कार्बन (पाण्यातील द्रव्ये शोषून घेणारा कोळसा) वापरावा, पाण्याचा मोठा हिस्सा बदलावा आणि पुढील काही दिवस रोज अमोनिया तपासावा. तोंड सताड उघडे राहणे, ऊती सुट्या होऊन गळणे आणि तीव्र दुर्गंधी ही मृत्यूची लक्षणे असून असे समुद्रफूल टाकीत एक रात्रही राहू देऊ नये.