तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचं काय काय आहे?

(लातूर परिसरातील आडत दुकानं, डाळमिल व किरकोळ व्यापारी ग्राहकांसाठी)

सॉफ्टवेअर ताब्यात देताना आम्ही ‘संदर्भ-नोंद’ नावाची एक फाइल देतो; बाहेरून घेतलेले तयार कोड कोणते आणि कुठला हिशोब कोणत्या नियमावरून बसवला, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ती उघडली की मोंढ्यातले बरेच ग्राहक विचारतात, “म्हणजे हे सगळं तुम्ही बनवलेलं नाही?” नाही. बिल छापायला, पीडीएफ काढायला, बॅकअप घ्यायला जगभर वापरले जाणारे तयार, मोफत कोड आहेत. ते आम्हीही घेतो. तुम्ही पैसे देता ते पट्टी, आडत, हमाली-तोलाईचा तुमचा हिशोब त्यात बिनचूक बसवण्याचे.

मोफत म्हणजे बेवारस नव्हे. अशा कोडसोबत वापराच्या अटी, म्हणजे लायसन्स असतं. एमआयटी नावाच्या लायसन्सचा कोड वापरला तर मूळ कॉपीराइटची सूचना सोबत ठेवावी लागते. जीपीएल या दुसऱ्या लायसन्सचा कोड मिसळून सॉफ्टवेअर ग्राहकाला दिलं तर सोर्स कोडही (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) देणं भाग पडतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटवरचा कोड उचलला तरी श्रेय देण्याची अट आहेच. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो.

हा झाला कायदा. आमच्या मते त्याहून जास्त कामाला येते ती नियमाची नोंद. डाळमिलचंच घ्या. १८ जुलै २०२२पासून, आधीच भरून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळीच्या पॅकिंगवर ५ टक्के जीएसटी लागला. ३० किलोच्या कट्ट्याला नाही. कोडमध्ये यातलं काय दिसतं? नुसता २५ हा आकडा. शेजारी अधिसूचना आणि तारीख लिहिलेली नसेल, तर पुढचा डेव्हलपर तो आकडा कुणाच्या तरी मनाचा समजून बदलून टाकतो, आणि नोटीस येते तुमच्या नावाने.

आधार क्रमांकातला एखादा अंक चुकीचा टाइप झाला तर सॉफ्टवेअर तिथेच अडवतं. ती तपासणी व्हरहॉफ या डच गणितज्ञाच्या १९६९ सालच्या पद्धतीने होते. तिचे अंकांचे तक्ते पाहून काहीच अर्थ लागत नाही. वर नाव असलं की कुणीही ताडून पाहू शकतो.

ओळीओळीला मात्र आम्ही संदर्भ चिकटवत नाही. बेरीज-वजाबाकीला कशाला हवा पुरावा? नुसती लिंकही देत नाही. सरकारी वेबसाइटची पानं कधी कुठे सरकतील, सांगता येत नाही (हे तुम्हालाही माहीत आहे). म्हणून अधिसूचनेची तारीख आणि दोन ओळींत मतलब लिहितो. याचे वेगळे पैसे नाहीत.

डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या तयार कोडमध्ये सुरक्षेची मोठी फट सापडली, तेव्हा तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही, हे शोधण्यातच जगभर अनेकांचे दिवस गेले. त्यामुळे उद्या काम दुसऱ्याकडे दिलंत तरी ही फाइल त्याच्या हाती द्या. आणि नवं सॉफ्टवेअर कुणाकडूनही घ्या, शेवटचा हप्ता देण्याआधी त्यात कोणते तयार कोड, कोणत्या आवृत्तीचे आहेत, एवढी यादी तरी लेखी मागून घ्या.