भावीण

भावीण : दक्षिण कोकण व गोमंतक येथील ग्रामदेवतांच्या देवळांत वंशपरंपरेने सेवा करणारी स्त्री. तिच्या कुळातील पुरुषांना देवळी म्हणतात. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण हा मुलूख, गोवा आणि उत्तर कानडा जिल्ह्याचा किनारा एवढ्या टापूत ही संस्था विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कमीअधिक प्रमाणात चालू होती. देशावरील मुरळी वा जोगतीण यांच्याशी तिची गणना केली जाते. मात्र मुरळी खंडोबाला आणि जोगतीण यल्लम्मेला नवसाने वाहिलेली असते, तर भावीण एका ठरावीक गावाच्या ठरावीक देवळाची मानकरीण असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तिचे हक्क आणि तिची बंधने या दोन्ही गोष्टी त्या गावाशी बांधलेल्या होत्या.

कलावंतीण आणि भावीण यांतही गल्लत होते. कलावंतीण देवापुढे गाते व नाचते. भाविणीचे काम सेवेचे. पहाटे देऊळ झाडणे, सडा घालणे, चौक व सभामंडप शेणाने सारवणे, समयांच्या वाती करून दिवाबत्तीची तयारी ठेवणे, पूजेच्या वेळी देवावर चौरी ढाळणे आणि पालखी निघाली की ओवाळणे, ही तिची नित्यनैमित्तिक कामे. देवळी शिंग-तुतारी फुंकतो, चौघडा वाजवतो, मशाल व अबदागीर धरतो. रवळनाथ, सातेरी, माउली, भगवती अशा दैवतांच्या भोवती उभ्या राहिलेल्या गावऱ्हाटीत (गावाच्या परंपरागत धार्मिक व सामाजिक व्यवस्थेत) गावकर, गुरव, घाडी, राऊळ यांच्याप्रमाणे भावीण-देवळ्यांचेही स्थान ठरलेले असे आणि सेवेच्या बदल्यात देवाच्या जमिनीतून व उत्पन्नातून त्यांना वाटा मिळे. बारापाचाच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या, त्या पुरुषप्रधान रचनेत स्त्रीने स्वतःच्या नावाने धारण केलेला मान बहुधा हा एकच.

संस्थेच्या उगमाविषयी एकमत नाही. सर्वांत जास्त उद्धृत होणारे मत मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधील (रत्नागिरी व सावंतवाडी, खंड १०, १८८०) आणि त्याचीच री ओढणाऱ्या एन्थोवेन यांच्या जातिवर्णनातील (१९२०–२२) आहे. त्यानुसार सावंतवाडीच्या व मालवणच्या सरदारांनी आपल्या घरच्या बटकी (दासी) गावदेवांच्या सेवेला लावल्या आणि त्यांच्या संततीतून भावीण-देवळी हा वर्ग निर्माण झाला. हे मत जसेच्या तसे मान्य करणे कठीण आहे. वाडीच्या सावंतांची सत्ता सोळाव्या-सतराव्या शतकांत आकाराला आली. भावीण मात्र सावंतांचा अंमल कधीही नव्हता अशा गावांतही आढळते. गोव्यात पोर्तुगीजांच्या जाचामुळे सोळाव्या शतकात सासष्टी व तिसवाडीतील दैवते अंत्रुज महालात (आजच्या फोंडा भागात) हलवली गेली. मंगेशाचे कुशस्थळीहून प्रियोळला झालेले स्थलांतर १५६० च्या सुमाराचे मानतात. दैवतांबरोबर सेवेकऱ्यांची घराणीही निघाली, ही स्थानिक परंपरा ग्राह्य धरली, तर देवळातील स्त्रीसेवा वाडी संस्थानाहून जुनी ठरते. बटकी देवाला दिल्या गेल्या असतील, नव्हे, दिल्या गेल्याच असाव्यात. पण त्याने आधीपासून असलेल्या पदावर माणसे भरली गेली एवढेच सिद्ध होते, पद कोठून आले हे नव्हे.

दुसरे मत हिला दक्षिणेकडील देवदासी-संस्थेची शाखा मानते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील राजराज चोळाच्या लेखात चारशे मंदिरस्त्रियांची वसाहत नोंदलेली आहे. कदंब व विजयनगर राजवटींचा कोकणाशी असलेला संबंध पाहता तिकडील रीत इकडे आली असणे अशक्य नाही. भावीण नाचत नाही, हा या मतावर नेहमीचा आक्षेप. परंतु अभ्यासक लेस्ली ऑर यांनी चोळकालीन शिलालेखांच्या आधारे दाखवून दिले आहे, की त्या काळच्या मंदिरस्त्रियांपैकी नर्तकी थोड्याच होत्या. दाने देणाऱ्या व इतर सेवा करणाऱ्या स्त्रियाच लेखांतून अधिक दिसतात. त्यामुळे हा आक्षेप पूर्वीइतका बळकट राहिलेला नाही. तिसरे मत भाविणीचा संबंध सातेरीच्या, म्हणजे वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या भूदेवतेच्या उपासनेशी जोडते व स्त्रीसेवेचे मूळ स्थानिक मातृपूजेत शोधते. ते आकर्षक आहे, परंतु भावीण रवळनाथासारख्या पुरुषदैवताच्या देवळातही तितकीच आढळते, हे त्यात नीट बसत नाही. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या मताकडे कल ठेवला आहे : पदाची कल्पना दक्षिणेकडून आली असावी, तिला गावऱ्हाटीने आपल्या साच्यात बसवले असावे आणि त्या पदावरील माणसांची भरती पुढे स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या दासीवर्गातून होत गेली असावी.

भावीण होण्याचे मार्ग दोन. पहिला जन्माचा. भाविणीची मुलगी वयात आली, की तिचा शेंस हा विधी होई (सेस असेही रूप आढळते, विवाहात मस्तकी अक्षता ठेवण्याच्या क्रियेशी त्याचा संबंध असावा). एन्थोवेन यांच्या वर्णनाप्रमाणे मुहूर्त ब्राह्मण काढून देई. गणपतिपूजन व पुण्याहवाचन मुलीच्या घरी भटाकडून होई. देऊळ हे वराचे घर समजून तेथील तेच विधी गुरव करी. मग गुरव व इतर मंडळी देवाचा मुखवटा आणि कट्यार घेऊन वाजतगाजत मुलीच्या घरी येत आणि वराच्या जागी तो मुखवटा ठेवून लग्न लागे. गोव्यातील कलावंत घराण्यांत वराच्या जागी दुसऱ्या एका मुलीला पुरुषाचा पोशाख चढवून, हातात नारळ व कट्यार देऊन उभे करीत. दोन्ही प्रकारांत लग्नाचा साज पुरता असे. नवरदेव तेवढा माणूस नसे. ज्या मुलीचा शेंस होत नसे, तिचे लग्न देवळ्याशी लागे.

दुसरा मार्ग अधिक विचार करायला लावणारा आहे आणि अभ्यासकांनी त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. नवऱ्याच्या घरी नांदणे अशक्य झालेली मराठा, भंडारी वा तत्सम जातीतील स्त्री रात्री गावच्या देवळात जाई आणि गावकर व देवळाचे सेवेकरी यांच्यासमक्ष देवापुढच्या दिव्यातील तेल स्वतःच्या डोक्यावर ओतून घेई. त्या क्षणापासून ती देवाची झाली. नवऱ्याचा तिच्यावर हक्क उरत नसे आणि तिची गणना भाविणींत होई. कोकणातील अनेक जातींत काडीमोड व पाट (पुनर्विवाह) रूढ होते, तेव्हा तेलाच्या या विधीची गरजच काय, असा प्रश्न विचारला जातो. काडीमोड घ्यायची तर जातपंचायत आणि बहुधा नवरा, दोघांचीही संमती लागे. तेल ओतून घेण्याला मात्र कोणाची संमती लागत नसे, फक्त साक्षीदार लागत. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मिळू लागला तो १९४७ साली. त्याआधी केवळ स्वतःच्या निर्णयाने संसारातून बाहेर पडण्याची धर्ममान्य वाट या किनाऱ्यावरच्या स्त्रीला बहुधा एवढीच होती. तिची किंमत जबर होती. परतीचा रस्ता नसे, पुढे जन्मणाऱ्या मुलींच्या वाट्याला शेंस येई, आणि पोटासाठी गावातल्या एखाद्या खोत-सरदाराच्या आश्रयाला जाणे बहुतेकींना चुकत नसे.

देव पती असल्यामुळे भाविणीला वैधव्य नाही, हा या संस्थेमागील धार्मिक विचार. त्याच किनाऱ्यावर ब्राह्मण घरातील विधवेचे केशवपन होत होते आणि शुभकार्यात तिची सावलीही नको असे. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ब्राह्मणवर्गाने त्यांना वाळीत टाकले. एका बाजूला कधीच विधवा न होणारी, पण कुळाच्या चौकटीबाहेरची स्त्री, आणि दुसऱ्या बाजूला कुळातली, पण सौभाग्य गेल्याबरोबर धर्मकृत्यातून बाद झालेली स्त्री. ही दोन टोके एकत्र पाहिल्याशिवाय कोकणातील धर्माचारात स्त्रीला काय जागा होती ते कळत नाही. भाविणीला केवळ अनीतीच्या सदरात टाकणारे एकोणिसाव्या शतकातील लेखन म्हणूनच अपुरे आणि अन्यायाचे आहे. पण तिला स्वतंत्र स्त्रीचे प्रतीक ठरवण्याचा अलीकडचा उत्साहही शेंस झालेल्या अजाण मुलीला विसरतो.

कायद्याने या संस्थेकडे प्रथम गुन्हा म्हणून पाहिले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ३७२ व ३७३ ही कलमे अल्पवयीन मुलींना वेश्याव्यवसायासाठी देण्याघेण्याविरुद्ध होती आणि देवाला मुली वाहण्याच्या प्रकरणांत ती लावली जात. मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण या खटल्यात (१८८०) मुंबई उच्च न्यायालयाने नायकिणीने (कलावंतिणीने) घेतलेले दत्तक कायद्याला मान्य नाही असा निकाल दिला. परंपरेने चालत आलेला आईकडून मुलीकडे जाणारा वारसा त्यामुळे डळमळीत झाला. मुंबई देवदासी संरक्षण कायदा १९३४ साली झाला. मुलगी देवाला वाहणे त्याने बेकायदा व शिक्षापात्र ठरवले आणि वाहिलेल्या स्त्रीने केलेला विवाह वैध मानला. मात्र भाविणीच्या मुलखात त्या वेळी तीन सत्ता होत्या. रत्नागिरी जिल्हा मुंबई प्रांतात होता, सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होते आणि गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली. प्रांतिक कायद्याचा थेट अंमल यांपैकी फक्त पहिल्या भागात होता. एकाच दैवताच्या परिवारातील गावे वेगवेगळ्या कायद्यांखाली येत. महाराष्ट्राने पुढे २००५ मध्ये देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा अधिनियम संमत केला, तोवर कोकणात शेंस इतिहासजमा झाला होता.

तो इतिहासजमा होण्यामागे कायद्यापेक्षा समाजाचे स्वतःचे प्रयत्न अधिक कारणीभूत झाले, असे दिसते. १९२० नंतर गोव्यात व मुंबईत कलावंत, भावीण-देवळी, बांदी (दासी), फर्जंद (दासीपुत्र) अशा विखुरलेल्या गटांनी एकत्र येऊन गोमंतक मराठा समाज या नावाने संघटन उभारले. राजाराम पैंगीणकर यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव हिंडून शेंसाऐवजी मुलींची लग्ने लावा, त्यांना शाळेत घाला, असे सांगत राहिले. घरच्याच आया-आज्यांच्या आयुष्याविरुद्ध उभे राहण्याला केवढे धैर्य लागले असेल, याची नोंद सुधारणेच्या इतिहासांत क्वचितच होते. कलावंतांचा पूर्वेतिहास निदान संगीतामुळे लिहिला गेला. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) व मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांची चरित्रे सांगताना तो टाळता येत नाही. सारवण करणाऱ्या व वाती वळणाऱ्या भाविणीची तशी चरित्रे नाहीत.

भाविणीची कामे आज बहुतेक ठिकाणी गुरव कुटुंबांकडे किंवा गावातील स्त्रियांकडे आहेत. शेणाच्या सारवणाची जागा फरशीने घेतली आहे. पालखीला ओवाळणे हे आता प्रत्येक दारातल्या सुवासिनीचे काम आहे, आणि अलीकडे विधवांनीही ओवाळावे असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. घरंदाज स्त्रियांच्या देवळातील सेवेची वेगळी परंपराही किनाऱ्यावर आहे. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेत आंगणे कुटुंबांतील स्त्रिया मौन पाळून प्रसाद रांधतात आणि रात्री ताटे डोक्यावर घेऊन देवळात नेतात. ही सेवा कुळाच्या आतली आहे आणि तिच्यासाठी कोणाला घर सोडावे लागत नाही. गाऱ्हाणे घालणे, कौल लावणे, तरंग (देवाचे प्रतीक असलेला खांब) धरणे हे अधिकार मात्र बहुसंख्य गावांत अजून पुरुषांकडेच आहेत, आणि भाविणीचा मान बंद पडला तेव्हा त्या जागी स्त्रीसाठी दुसरा कोणताही मान गावऱ्हाटीत निर्माण केला गेला नाही.