1985 ची रेघ: जुन्या टोयोटा पिकअपच्या अ‍ॅक्सलमागचा इतिहास

अमेरिकेत जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह टोयोटा पिकअप विकायला निघाली की जाणकार गिऱ्हाईक आधी मॉडेलचं वर्ष विचारतो, गाडी किती चालली ते नंतर. 1985 किंवा त्याआधीची असेल तर भाव चढतो, 1986 ची असेल तर घासाघीस सुरू होते. इंजिन तेच, गिअरबॉक्सही जवळपास तोच. फरक आहे पुढच्या अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसाचा.

टोयोटाच्या हायलक्स पिकअपची फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती 1979 मध्ये आली. तोवर अमेरिकेत हायलक्स हे नाव सुटलं होतं आणि गाडी नुसती ‘टोयोटा पिकअप’ म्हणून खपत होती. तिला पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस), दोन्हीकडे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), दोन्हीकडे 8 इंची क्राऊन, म्हणजे डिफ्रन्शिअलमधलं (अ‍ॅक्सलच्या गिअरपेटीतलं) मोठं दातेरी चाक. 1985 च्या मॉडेलला फ्युएल इंजेक्शनचं 22आरई इंजिन मिळालं आणि खाली सॉलिड अ‍ॅक्सलही तसाच राहिला. हा जोड फक्त त्या एका वर्षात सापडतो, म्हणून त्याची किंमत जास्त. 1986 पासून पुढे टॉर्शन बारवरचं (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईवरचं) इंडिपेंडंट फ्रंट सस्पेन्शन, म्हणजे आयएफएस आलं. त्यात पुढची दोन चाकं वेगवेगळी वरखाली होतात.

हा बदल टोयोटाने एकटीने केला नाही. अमेरिकी गिऱ्हाईक पिकअप रोजच्या कामाला, मुलांना शाळेत सोडायला वापरू लागला होता आणि पाट्यांवरची धडधड त्याला नको होती. फोर्डने 1980 मध्येच अर्ध्या टनाच्या गाडीचा सॉलिड अ‍ॅक्सल काढून ‘ट्विन ट्रॅक्शन बीम’ दिला होता. त्यात अ‍ॅक्सल मधोमध तुटून दोन तुळयांचा होतो आणि चाक वरखाली झालं की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो. गाडी उचलली आणि तुळया जिथे फिरतात ते पिव्हट खाली घेतले नाहीत की टायर एका कडेने झिजतात. शेवरोलेने 1988 मध्ये टॉर्शन बार आणला. डॉजने सगळ्यांत जास्त दम धरला. त्यांच्या 1500 रॅमचा पुढचा सॉलिड अ‍ॅक्सल 2002 च्या मॉडेललाच गेला. आणि टोयोटानेसुद्धा ऑस्ट्रेलियासारख्या बाजारात पाट्यांवरचा सॉलिड अ‍ॅक्सल निदान 1997 पर्यंत चालू ठेवला. तेव्हा सॉलिड अ‍ॅक्सल जुनाट झाला म्हणून गेला, हे खरं नाही.

आपल्याकडेही हीच वाट दिसते. मुंबईत महिंद्राने विलिस जीप जुळवायला सुरुवात केल्यापासून कित्येक दशकं पाटे आणि सॉलिड अ‍ॅक्सल हेच समीकरण होतं. 2010 च्या थारला पुढे टॉर्शन बार आला, मागे पाटे राहिले.

आयएफएसला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी आमचं पटत नाही. वाळूत, कच्च्या रस्त्यावर, वेगात ती गाडी अधिक सरळ चालते. अडचण दगडांत येते. चाकाचा प्रवास मर्यादित असल्याने एक चाक चढलं की दुसऱ्या बाजूचं लगेच हवेत जातं. पुढचा डिफ्रन्शिअलही 7.5 इंची, म्हणजे जुन्यापेक्षा लहान. स्टिअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा आयडलर आर्म लवकर ढिला होतो. गाडी उचलण्यासाठी टॉर्शन बारचे बोल्ट आवळणं हा फुकटचा उपाय. पण एक-दीड इंचाच्या पुढे गेलात की सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे) वाकड्या कोनात फिरतात, त्यांवरचे रबरी बूट फाटतात, आणि चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. ब्रॅकेटवाल्या लिफ्ट किटमध्ये डिफ्रन्शिअल खाली टांगलेलाच राहतो, त्यामुळे गाडी उंच दिसते तेवढी खालून मोकळी होत नाही.

जुन्या सॉलिड अ‍ॅक्सलचं कौतुक करताना त्याचं दुखणंही पाहायला हवं. वळणाऱ्या चाकापर्यंत ताकद नेण्यासाठी टोयोटाने युनिव्हर्सल क्रॉसचा सांधा न वापरता बर्फील्ड जॉइंट वापरला. नकलच्या (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) बंद गोळ्यात, ग्रीसमध्ये बुडालेला, आत सहा गोळ्या. धूळपाणी आत जात नाही आणि वळताना झटके बसत नाहीत. पण स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाक दगडात अडकलेलं असताना रेस दिली की त्याची बाहेरची वाटी तडकते. कटकट आवाज आला की समजायचं.

दुसरं दुखणं सावकाश येतं. अ‍ॅक्सलच्या नळीतलं आतलं ऑइल सील गेलं की डिफ्रन्शिअलचं तेल गोळ्यात उतरतं, ग्रीस पातळ करतं, आणि मागच्या वायपर सीलमधून काळा रस चाकाच्या आतल्या बाजूला ओघळतो. गाडी विकत घेताना खाली वाकून आधी हेच बघावं. काम करायचं ठरलं तर दोन्ही बाजू एकदम उघडाव्यात: हब आणि स्पिंडल काढून शाफ्ट बाहेर, आतली सीलं नवी, ट्रनिअनचे (नकल ज्या खुंट्यांवर वळतो त्यांचे) बेअरिंग नवे, गोळ्यात मॉलिब्डेनमचं ग्रीस पाऊण भरेल इतकं. वरच्या-खालच्या शिम्स (पातळ चकत्या) जिथल्या तिथे ठेवाव्यात, नाहीतर नकल मधोमध बसत नाही आणि नवं सील महिनाभरात पुन्हा गळतं. बेअरिंगचा ताण वजनकाट्याने नकल ओढून तपासतात.

याच अ‍ॅक्सलचं स्टिअरिंगही जुन्या पद्धतीचं. स्टिअरिंग बॉक्सचा आर्म पुढे-मागे हलतो आणि ड्रॅग लिंक (त्याला नकलशी जोडणारी दांडी) चासीला समांतर जाऊन त्याच बाजूच्या नकलला ढकलते. पाटा दबला-सुटला की लिंक आपोआप चाक वळवते. उंच पाटे टाकल्यावर हे फारच जाणवतं. गंमत अशी की त्यावरचा उपाय 1986 नंतरच्याच गाडीतून येतो. आयएफएसच्या स्टिअरिंग बॉक्सचा आर्म आडवा हलतो, म्हणून तो बॉक्स जुन्या चासीवर बसवून ड्रॅग लिंक आडवी पलीकडच्या नकलवर नेतात आणि नकलच्या माथ्यावर हाय-स्टिअर आर्म लावतात. बॉक्सजवळ चासीला आतून जाड पत्रा वेल्ड करणं टाळू नका, तिथे भेगा पडतात. आर्मचे चार स्टड आणि कोन वॉशर पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेच लागतात.

पाट्यांचा मामला थोडक्यात सांगता येतो. कडक लिफ्ट पाट्यांपेक्षा लांब आणि मऊ पाटा बरा. म्हणूनच मागचे मूळ पाटे पुढे लावण्याची आणि मागे शेवरोलेच्या मोठ्या पिकअपचे 63 इंची पाटे बसवण्याची रीत पडली. मऊ पाट्याचा तोटा एकच: जोर लागला की तो इंग्रजी ‘एस’सारखा पिळतो आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो. त्याला ट्रॅक्शन बार, म्हणजे अ‍ॅक्सलला पिळू न देणारी दांडी, लागते. पुढे उंची वाढवताना कास्टर (चाक ज्या रेषेवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन) कमी झाला तर स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा पाचरी लावण्याआधी कोन मोजावा.

1986 नंतरची गाडी हाती असेल आणि सॉलिड अ‍ॅक्सल घालायचा असेल तर एक माप लक्षात ठेवा. आयएफएस गाडीचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, जुन्यापेक्षा सुमारे 3 इंचांनी जास्त आहे, मागचा अ‍ॅक्सलही तसाच. जुना पुढचा अ‍ॅक्सल घातला की दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाचे स्पेसर लागतात. व्ही-सिक्स (सहा सिलिंडरच्या) गाडीचा मागचा डिफ्रन्शिअल मात्र जपून ठेवा. त्यात चार पिनियन गिअर आणि मोठे बेअरिंग असतात, चार सिलिंडरवाल्यात दोनच पिनियन गिअर.

मग अमेरिकी अ‍ॅक्सल का नाही? डेना 44 चा क्राऊन 8.5 इंची, डेना 60 चा 9.75, जनरल मोटर्सच्या 14-बोल्टचा 10.5. ताकद वाढते, पण वजन आणि खाली लोंबणारा डिफ्रन्शिअलही वाढतो. शिवाय अमेरिकी टोयोटाच्या ट्रान्स्फर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणाऱ्या पेटीचा) पुढचा शाफ्ट उजवीकडून, म्हणजे पॅसेंजरच्या बाजूने निघतो. 1978-79 च्या फोर्डचा डेना 44 ड्रायव्हरच्या बाजूचा, तो जुळत नाही. जुन्या शेवरोलेचा जुळतो. 33 इंची टायरपर्यंत मूळ टोयोटा अ‍ॅक्सल पुरतो. 35 ला क्रोमोली पोलादाचे बर्फील्ड घ्यावेत. 37 च्या वर डेना 60 चा विचार.

टायरपेक्षाही गिअर जास्त मोडतोड करतात. 3.95 चा पहिला गिअर, ट्रान्स्फर केसची 2.28 लो रेंज (सावकाश चालण्याचा जादा गिअर) आणि 4.10 चा डिफ्रन्शिअल यांचा गुणाकार, म्हणजे चाकाला एका फेऱ्यासाठी लागणारे इंजिनाचे फेरे, मुळात सुमारे 37 होतो. त्याच गाडीत 4.7 ची लो रेंज आणि डिफ्रन्शिअलमध्ये 5.29 चं क्राऊन-पिनियन (मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी) टाकलं की 98 होतो. तेवढा पीळ मूळ बर्फील्डला झेपत नाही, म्हणून आधी शाफ्ट बदलावेत आणि मग लो रेंज. पुढचं-मागचं क्राऊन-पिनियन एकाच गुणोत्तराचं हवं. एकच बदलून फोर-व्हील लावलं तर कोरड्या रस्त्यावर ट्रान्स्फर केस जाते.