रान्चोस दे ताओसची मागची भिंत

चर्चचा फोटो काढायचा म्हटलं की आपण दर्शनी बाजूला उभे राहतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या रान्चोस दे ताओस या वस्तीत मात्र जवळजवळ शंभर वर्षं छायाचित्रकार सान फ्रान्सिस्को दे आसीस या चर्चला वळसा घालून मागे जातात. तिथे नक्षी नाही, मूर्ती नाही. आहे ती मातीची थोराड भिंत, तिला लावलेले गोलसर टेकू आणि त्यांच्यावर सरकणारी सावली.

हा प्रदेश स्पॅनिश वसाहत असताना अठराव्या शतकाच्या अखेरीस या चर्चचं काम सुरू झालं आणि 1816 च्या सुमारास पुरं झालं. माती, वाळू आणि गवताची काडी कालवून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, वर मातीचाच गिलावा. या उंच वाळवंटात पाऊस कमी, पण उन्हाळी सरी आणि हिवाळ्यातला बर्फ गिलावा धुऊन नेतात. मग तो पुन्हा हातांनी चढवायचा. आपल्याकडे सारवण-लिंपण जसं घरच्या बायकांच्या हातचं, तसं तिथेही. गिलावा करणाऱ्या बायकांना ‘एन्हारादोरा’ असं नावच आहे.

या भागात कॅमेरा आला तो सरकारी मोजणीबरोबर. 1873 मध्ये टिमथी ओसलिव्हनने झुनी या मूलनिवासी लोकांच्या वस्तीतल्या, धर्मप्रसारकांनी उभारलेल्या जुन्या मिशन चर्चचा फोटो काढला, तो सर्वेक्षणाची नोंद म्हणून. 1880 मध्ये न्यू मेक्सिकोची राजधानी सांता फेपर्यंत रेल्वे आली आणि पाठोपाठ प्रवासी, चित्रकार आले.

खरं वळण 1929 नंतरचं. कलाप्रेमी लेखिका मेबल डॉज लुहान यांच्या जवळच्याच ताओस गावातल्या घरी कलावंतांचा राबता होता. चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी या चर्चच्या मागच्या बाजूचं चित्र काढलं, 1931 मध्ये छायाचित्रकार पॉल स्ट्रँडने तिचा फोटो काढला. त्याआधी कलात्मक फोटो म्हणजे चित्रासारखा धूसर, अशी समजूत होती. स्ट्रँडला रेखीव, स्वच्छ प्रतिमा हवी होती आणि ही भिंत त्यासाठी जणू तयारच होती: सजावट नाही, नुसता आकार आणि उजेड. या फोटोच्या आदल्या वर्षी, 1930 मध्ये, ताओसलाच स्ट्रँडच्या निगेटिव्ह पाहून अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या तरुणाने पियानोवादक होण्याचा विचार सोडला आणि छायाचित्रण हेच आयुष्याचं काम मानलं. मला या साऱ्या हकिकतीतला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

1 नोव्हेंबर 1941 च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतल्याच हर्नान्डेझ गावाजवळ अ‍ॅडम्सने गाडी थांबवली. मातीचं चर्च, कलत्या उन्हात चमकणारे स्मशानातले क्रूस, वर चंद्र. उजेड मोजणारं लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता आठवून त्याने एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवलं. दुसरी निगेटिव्ह घेण्याआधीच क्रुसांवरचं ऊन गेलं. तारीख मात्र त्याला नीट आठवत नव्हती. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राच्या स्थितीवरून ती काढली.

अशा चित्रांमुळे ही चर्च ‘जीर्ण’, काळाने झिजवलेली म्हणून ओळखली जाऊ लागली. मला हे वाचन अपुरं वाटतं. रान्चोसचं चर्च हे भग्नावशेष नाही, तिथे आजही प्रार्थना होते. फोटोत मोहवणारा तो गोलवा एकट्या वाऱ्या-पावसाचा नाही; पिढ्यान्‌पिढ्या फिरलेल्या हातांचाही आहे, आणि बहुतेक चित्रांत ते हात चौकटीबाहेर राहिले.

1967 मध्ये दरवर्षीच्या लिंपणातून सुटका म्हणून या चर्चवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. सिमेंटला भेगा पडल्या, पाणी आत शिरलं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने कच्च्या विटा मऊ पडू लागल्या. 1979 मध्ये ते कवच काढून टाकलं आणि गावाने पुन्हा माती कालवली. तेव्हापासून दर जूनमध्ये तिथली माणसं जमून भिंती लिंपतात. त्यामुळे स्ट्रँडने टिपलेली भिंतीची कड आज तंतोतंत तशी सापडणार नाही. तिच्यावर तेव्हापासून कितीतरी नवे हात फिरले आहेत.