स्वीटवॉटर नदीतले ते तिघे गारठ्याने मेले नव्हते

४ नोव्हेंबर १८५६. अमेरिकेतल्या वायोमिंगमधली स्वीटवॉटर नदी, पाण्यात बर्फाचे तुकडे. हातगाड्या ओढत यूटाकडे निघालेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या स्थलांतरितांच्या मार्टिन तांड्यातल्या प्रत्येकाला अठरा वर्षांच्या तिघा पोरांनी उचलून पार नेलं आणि त्याच गारठ्यानं पुढे तिघेही दगावले, असं मॉर्मन घरांत पिढ्यानपिढ्या सांगतात.

खरं तर मदतीला तिघांहून जास्त जण होते, आणि कित्येक प्रवासी स्वतःच नदीत उतरले. त्या तिघांपैकी हंटिंग्टन तर पंचविशीच्या घरात होता. तिघांचं धाडस मोठंच, पण त्यासाठी मरणाची कथा रचायला नको होती. त्यांच्यातलाच, तेव्हा सतरा वर्षांचा असलेला डेव्हिड किंबॉल नंतर आयडाहोत, मग ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखात वस्ती करून राहिला. तो वारला १८८३ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी.